दोन डिस्कांची वाटणी

“ज्या घरात न्याय आहे, त्या घरात भांडण टिकत नाही,” असं मी सासुरवाडीच्या ओसरीत उभा राहून म्हणालो. पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला तेवढ्यात माझा थोरला मेहुणा विश्वंभर म्हणाला, “दाजी, जरा बाजूला व्हा. तुमच्या पायाखाली वायर आहे.”

मी बाजूला झालो. वायर गुंडाळून डावीकडच्या ढिगावर गेली आणि न्यायाबद्दलचं माझं भाषण तिथंच संपलं.

त्या दिवशी वाटणी होती आणि मी पंच होतो. मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे राज्यं कशी वाटतात ते मला माहीत असणार, असा सासरच्या लोकांचा समज होता. वाटायचं होतं ते राज्य म्हणजे ‘गुरव साऊंड सर्व्हिस, सांगवी’. दोन रिक्षा, चार भोंगे, दोन ॲम्प्लिफायर, माईक आणि एक कंप्युटर.

सांगवीत कुणाचं लग्न ठरलं तर पत्रिका येते, कुणी गेलं तर रिक्षा येते. टपावर भोंगा लावलेली ती रिक्षा सावकाश गल्लीगल्लीतून फिरते आणि सांगते की अमुक यांचं दुःखद निधन झालं असून अंत्यविधी तमुक वेळी आहे. हा आवाज विश्वंभरचा. माझे सासरे देवळात सनई वाजवायचे, त्यांचा दम थोरल्याच्या गळ्यात उतरला होता. खर्जातला, भरलेला, घाई नसलेला आवाज. सांगवीतली म्हातारी माणसं म्हणायची, की विशूनं नाव घेतलं म्हणजे माणूस रीतसर गेला. आपल्या वेळी तो आवाज आपल्याला ऐकायला मिळणार नाही, एवढीच त्यांना हळहळ होती.

धाकटा मुकुंद आतल्या खोलीत कंप्युटरपुढे बसायचा. दादाचा आवाज भरून घ्यायचा, साफ करायचा, मागं बासरी टाकायची आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, हे त्याचं काम. ही व्यवस्था कित्येक वर्षं विनातक्रार चालली.

मग नवरात्रात नगरपालिकेच्या निवडणुकीचे एक इच्छुक उमेदवार दुकानात आले. त्यांना प्रचारासाठी लेडीज आवाज हवा होता. मुकुंद म्हणाला, सोलापूरची एक बाई आहे, मिळेल. त्यावर विश्वंभर सगळ्यांसमोर म्हणाला, “या दुकानात आवाज माझा आहे. तू नुसती बटणं दाबतोस.”

मुकुंदनं हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, “मग वाटणी कर.”

एवढंच. याच्यापेक्षा मोठं भांडण झालं असतं तर निदान मिटवायला काहीतरी हाती लागलं असतं.

गुरवांच्या घरात वाटणीची एक जुनी रीत आहे. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्यानं. कुठला वाटा आपल्याकडे राहील हे थोरल्याला माहीत नसतं, त्यामुळे तो दोन्ही सारखेच पाडतो. मी वर्गात जे सिद्धान्त शिकवतो त्यातल्या कुठल्याही सिद्धान्तापेक्षा ही रीत मला सरस वाटली आणि मी तसं ओसरीत बोलूनही दाखवलं. कुणी ऐकलं नाही.

विश्वंभर खरोखर प्रामाणिकपणे वाटे पाडत होता. इकडे एक भोंगा, तिकडे एक भोंगा. इकडे एक रिक्षा, तिकडे एक रिक्षा. शेवटी कंप्युटर उरला.

“हा एकच आहे,” मी म्हणालो. “हा एका वाट्यात घाला आणि दुसऱ्या वाट्यात माईक आणि मोठा ॲम्प्लिफायर घाला.”

“ते घालतोच,” विश्वंभर म्हणाला. “पण दाजी, आत बघा.” त्यानं डब्याचं झाकण काढलं. “आत डिस्का दोन आहेत. एक जुनी, एक नवी. दोन वस्तू आहेत म्हटल्यावर वाटल्या पाहिजेत. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, थोरल्यानं एकाच वाट्यात दोन घातल्या.”

“जुनीत काय आहे?”

“माझा आवाज. पहिल्यापासूनचा सगळा.”

“आणि नवीत?”

“नवीत मशीन चालायचं असतं ते. दसऱ्याच्या आधी व्हायरस आला होता ना, तेव्हा त्या कंप्युटरवाल्या काळोखेनं सगळं नव्यानं टाकून दिलंय.”

त्यानं स्क्रू काढून जुनी डिस्क सोडवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उजवीकडच्या ढिगावर ठेवली. डावीकडे कंप्युटर आणि नवी डिस्क. उजवीकडे माईक, मोठा ॲम्प्लिफायर आणि जुनी डिस्क. तराजू आणला असता तरी काटा मधोमध राहिला असता. मी पंच या नात्यानं मान डोलावली.

“उचल,” विश्वंभर मुकुंदला म्हणाला.

मुकुंदनं दोन्ही ढिगांकडे पाहिलं. उजवीकडच्या त्या छोट्या काळ्या डिस्ककडे तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला, असं मला वाटलं. मग त्यानं डावा वाटा उचलला.

तेव्हा माझी बायको, म्हणजे या दोघांची मधली बहीण मंदाकिनी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि तो तिनं कुणालाच दिला नाही.

“झाली वाटणी?” ती म्हणाली. “आता माझं ऐका. भाऊबीजेला दोघं एका ओळीत पाटावर बसलात तर ओवाळीन. सकाळी एक आणि दुपारी एक असं जमणार नाही. ते करायचं असेल तर मी निरांजनच लावणार नाही. आईची शपथ.”

“मंदे, शपथ कशाला घालतेस?” विश्वंभर म्हणाला.

“वाटणीत मला काही आलं नाही ना? मग शपथ मी घेतली.”



*

दिवाळी तोंडावर आली आणि मुकुंदचा फोन आला. बसस्टँडमागं गाळा घेऊन त्यानं आपलं दुकान मांडलं होतं.

“दाजी, मशीन चालू होत नाही.”

“मी राज्यशास्त्राचा माणूस आहे, मुकुंदा.”

“तुम्ही पंच आहात. या.”

सांगवी आमच्या गावापासून एसटीत एक डुलकी लागेल एवढ्या अंतरावर आहे. मी गेलो तेव्हा गाळ्यात मुकुंद भिंतीला टेकून उभा होता आणि टेबलाशी धनंजय काळोखे बसला होता. काळोखे कंप्युटर्सचा मालक. सांगवीतलं प्रत्येक मशीन यानं एकदा तरी बिघडवलेलं आहे आणि एकदा तरी दुरुस्त केलेलं आहे, त्यामुळे त्याला गावात मान आहे.

पडदा काळा होता. त्यावर एकच पांढरी इंग्रजी ओळ होती. चालू होण्याजोगी डिस्क घाला आणि कुठलंही बटण दाबा, असा तिचा अर्थ.

“सगळी दाबून झाली,” मुकुंद म्हणाला.

“डिस्क मेली,” काळोखे म्हणाला. “शंभर टक्के.”

मुकुंदचा चेहरा उतरला. त्या डिस्कमध्ये सोलापूरच्या बाईनं वाटणीच्या आधीच भरून दिलेला तीन उमेदवारांचा प्रचार होता. नव्या दुकानासाठी धरलेलं पहिलंवहिलं काम. ते गेलं तर बाई पुन्हा येणार नव्हती आणि उमेदवार तर नक्कीच नव्हते.

काळोखेनं एक सीडी घातली, थोडा वेळ खुडबुड केली आणि म्हणाला, “मेली नाही. बेशुद्ध आहे.”

“म्हणजे?”

“माल सगळा जागेवर दिसतोय. फक्त हिला उठायचं कसं ते माहीत नाही.” त्यानं डब्यात डोकं घातलं आणि तसंच आतून विचारलं, “दुसरी डिस्क कुठंय हो?”

“दादाच्या वाट्याला गेली.”

काळोखेनं डोकं बाहेर काढलं. “वाट्याला?”

“वाटणी झाली ना आमची.”

“हात्तिच्या! मग बरोबर आहे. अहो, मी विंडोज टाकली तेव्हा दोन्ही डिस्का जोडलेल्या होत्या. विंडोज बसली नवीवर. पण तिला सकाळी हाक मारून उठवणारं जे असतं ना, ते जाऊन बसलं जुनीवर. कंप्युटरनं परस्पर ठरवलं. आता तुम्ही जुनी काढून नेली. ही झोपलीय ती झोपलीच आहे, हाक मारायला कुणी नाही.”

“म्हणजे चूक तुमची,” मी म्हणालो.

“माझी कशी, सर? मी इतकी वर्षं धंद्यात आहे. कंप्युटर चोरीला गेलेला पाहिलाय, पाण्यात पडलेला पाहिलाय, एका डॉक्टरनं तर रागानं गच्चीवरून टाकलेला पाहिलाय. पण भावांनी आतून वाटून घेतलेला मी आजच पाहतोय.”

मुकुंद म्हणाला, “पुन्हा नव्यानं टाक.”

“टाकतो. पण सगळं साफ होईल. चालेल?”

“नाही चालणार.”

“मग जुनी डिस्क आणा. तिच्यावरचं ते उठवणारं हिच्यावर आणून ठेवतो. मग ही आपली आपण उठेल.”

मुकुंदनं माझ्याकडे पाहिलं. “मी मागायला जाणार नाही, दाजी. मी उचललेला वाटा चालता असला पाहिजे. वाटा कुणी पाडला?”

त्याच्या बोलण्यात मला एक धागा सापडला. राज्यशास्त्रात याला वाटाघाटी म्हणतात.

*

विश्वंभर जुन्या घरी ओसरीत बसला होता. पुढ्यात माईक होता आणि शेजारी जुनी डिस्क, एका स्वच्छ रुमालात.

“तो स्वतः मागायला येऊ दे,” तो म्हणाला.

“येणार नाही म्हणतो.”

“मग राहू दे. माझा आवाज आहे तो. त्याला काय करायचाय? त्याच्याकडे सोलापूरची बाई आहे.”

“दादा, आवाज नकोय त्याला. मशीन उठवण्यापुरती हवी आहे.”

“बटणं दाबता येतात ना त्याला? दाबावी.”

“सगळी दाबून झाली.”

विश्वंभर हसला नाही. मी घोटभर चहा घेतला आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, “गावात मात्र दुसरंच बोललं जाईल.”

“काय?”

“की विशू गुरवानं वाटे पाडले आणि धाकट्याच्या अंगावर बंद मशीन घातलं.”

त्यानं पेला खाली ठेवला. “मी?”

“मी नाही म्हणत. पण वाटा पाडणारे तुम्ही. चालत्या मशीनमधून एक वस्तू काढलीत, मशीन बंद पडलं. लोकांना डिस्क काय कळते? त्यांना एवढंच कळणार, की वाटा खोटा होता.”

“माझा वाटा खोटा नाही!” तो एकदम मोठ्यानं बोलला आणि शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला. टरकन, जुन्या कापडासारखा. तो थांबला, खाकरला आणि खालच्या सुरात म्हणाला, “घसा बसलाय जरा. हवा बदलली ना.”

“हो,” मी म्हणालो.

“चालू करून दाखवतो मी ते मशीन. माझ्या हातानं डिस्क जोडतो. पण त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही.”

“तो या घराची चढणार नाही.”

“मग?”

“मग आमच्याकडे. भाऊबीजेला. तसंही तुम्हाला यायचंच आहे.”

विश्वंभर माझ्याकडे पाहत राहिला. “मंदीनं सांगितलं का असं बोलायला?”

“नाही,” मी म्हणालो. हे खरं होतं. मंदानं फक्त एवढंच सांगितलं होतं, की हे जमवल्याशिवाय घरी येऊ नका.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी काळोखेचा फोन आला. आवाजात नवं ज्ञान मिळाल्याचा आनंद होता.

“सर, मी वाचलं इंटरनेटवर. जुनी डिस्क लागतच नाही हो. सीडीवरून थेट होतंय. आत्ता जाऊन करून टाकू का मुकुंदचं?”

“काळोखे,” मी म्हणालो, “जुनी डिस्क लागते.”

“नाही लागत, सर. मी स्वतः वाचलं.”

“लागते. भाऊबीजेपर्यंत लागते.”

 “जेवायला काय आहे?” त्यानं विचारलं.

“बासुंदी.”

“मग लागते,” काळोखे म्हणाला.

*

मंदानं बैठकीच्या खोलीत रांगोळी घातली आणि शेजारी शेजारी दोन पाट मांडले. समोर भिंतीपाशी स्टूल, त्यावर कंप्युटर. कारण प्लग तिथंच होता.

दोघं वेगवेगळ्या रिक्षांतून आले. दोन्ही रिक्षांवर ‘गुरव साऊंड सर्व्हिस’ असंच लिहिलेलं होतं, नाव कुणी वाटून घेतलं नव्हतं. विश्वंभर रुमालात डिस्क घेऊन आला, प्रसाद आणल्यासारखी. मुकुंदनं मशीन आधीच आणून ठेवलं होतं. एकमेकांशी ते बोलले नाहीत, पण दोघं काळोखेशी बोलले. त्यामुळे काळोखेला त्या दिवशी आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटत होतं आणि ते खरंही होतं.

“आधी ओवाळून घेते,” मंदा म्हणाली.

“आधी मशीन,” विश्वंभर म्हणाला. “माझ्यावर आळ आहे.”

“कुणी आळ घेतला?” मुकुंद भिंतीकडे बघून म्हणाला.

“गावानं.”

“गावाला माहीतसुद्धा नाही.”

विश्वंभरनं माझ्याकडे पाहिलं. मी रांगोळी पाहत होतो.

“दादा, बस पाटावर,” मंदा म्हणाली. “मुकुंदा, तूही. मशीन पळून जात नाही.”

दोघं बसले. तिनं दोघांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. ताट एकाकडून दुसऱ्याकडे नेताना तिनं मध्ये हात थांबवला नाही. एकाच फेऱ्यात दोघांना घेतलं. मग उठता उठता कंप्युटरच्या डब्यालाही बोट टेकवलं.

“त्याला कशाला?” काळोखेनं विचारलं.

“त्याच्यामुळं आले ना दोघं,” ती म्हणाली.

विश्वंभर उठला, त्यानं रुमाल उलगडला आणि स्वतःच्या हातानं डिस्क काळोखेच्या पुढ्यात धरली. काळोखेनं ती जोडली आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पंखा फिरायला लागला. मग निळा उजेड आला आणि त्या डब्यातून, खोली भरून टाकत, विश्वंभरचा आवाज आला.

“हॅलो. हॅलो. सांगवीकर बंधू आणि भगिनींनो, इकडे लक्ष द्या.”

आमच्या शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

“हे काय?” विश्वंभर म्हणाला.

“चालू होताना वाजतं,” मुकुंद म्हणाला. “मी लावलंय. फार दिवसांचं आहे.”

“आवाज कधीचा?”

“जुना. त्या डिस्कवरचा.”

विश्वंभर पाटावर परत बसला. त्याच्या कपाळावरचं कुंकू ओलं होतं. “काय लागलाय बघा आवाज,” तो मला म्हणाला. “तेव्हाही असाच, आताही असाच. वडिलांची देणगी.”

मुकुंदनं कीबोर्डवरची धूळ पुसली.

तेवढ्यात पडद्यावर रेकॉर्डिंगचा कार्यक्रम आपोआप उघडला. वाटणीच्या आधी दादाच्या आवाजाचं शेवटचं केलेलं काम त्यात तसंच होतं. एक लांब पट्टी, आणि ती पट्टी सलग नव्हती. निळे, हिरवे, पिवळे, लहान लहान तुकडे एकाला एक चिकटवलेले.

“अरे, ही काय गोधडी शिवलीय?” काळोखे म्हणाला. “शब्दाशब्दाला ठिगळ! इतकं कोण जोडतं?”

“कसली ठिगळं?” विश्वंभर म्हणाला.

मुकुंद उठला, पडद्याच्या आड येईल असा उभा राहिला. “रिक्षांचे हॉर्न येतात रेकॉर्डिंगमध्ये. ते कापले की मध्ये फट राहते. ती बुजवावी लागते.”

“माझ्या आवाजाला हात लावला नाहीस ना?”

“नाही, दादा.”

“बघा,” विश्वंभर मला म्हणाला, समाधानानं. “मी म्हणत होतो ते हेच. बटणांचं काम.”

“बटणांचंच आहे,” मुकुंद म्हणाला आणि त्यानं ती पट्टी बंद केली.

पण मी ती पाहिली होती. प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात नाव होतं. ती निधनाची वार्ता गेल्या महिन्यात वारलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती. त्यातला ‘दुःखद’ मात्र माझ्या लग्नाच्या आसपासच्या सालातला होता. ‘अंत्यविधी’ आणखी जुना. पोस्टमास्तरांचं नाव तेवढं नवं होतं.

आम्ही जेवायला बसलो. एकाच ओळीत. विश्वंभरनं बासुंदी दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्यांदा वाटी मुकुंदकडे सरकवून म्हणाला, “याला वाढ. याला लागते.” मंदानं इतक्या घाईनं वाढली की थोडी खाली सांडली.

जेवण झाल्यावर काळोखे हात पुसत उठला. “चला, आता याला स्वतःच्या पायावर उभं करून टाकतो.”

“घाई काय आहे?” मंदा म्हणाली. “राहू द्या ना जोडलेली. चालतंय की.”

“म्हणजे?”

“म्हणजे दादाची डिस्क राहू दे मुकुंदकडे. दादाला लागली की तो जाईल तिकडे. नाहीतर मुकुंदा येईल इकडे. रोज.”

 मी मुकुंदकडे पाहिलं. मुकुंद दादाकडे पाहत होता. त्यानं फक्त ‘हो’ म्हटलं असतं, किंवा विश्वंभरनं फक्त ‘बरं’ म्हटलं असतं, तरी झालं असतं.

“नको,” विश्वंभर म्हणाला. “वाटणी ती वाटणी. वाटे मी पाडलेत. एकाचं दुसऱ्यात अडकून राहिलं, तर वाटा खोटा होता असंच झालं. करा तुमचं, काळोखे.”

माझ्याच तोंडचं वाक्य माझ्याच घरात माझ्यासमोर आलं. मी उठून हात धुवायला गेलो.

काळोखेनं काही ओळी टाईप केल्या, मशीन बंद केलं, जुनी डिस्क सोडवून विश्वंभरच्या हातात दिली आणि पुन्हा बटण दाबलं. पडदा काळा झाला. पंखा फिरला. निळा उजेड आला. मशीन चालू झालं.

आवाज आला नाही. बारीकशी एक टिंग झाली, झालं.

“झालं,” काळोखे म्हणाला. “आता कुणाची गरज नाही.”

*

विश्वंभर आधी निघाला. मी मुकुंदबरोबर मशीन रिक्षात ठेवायला बाहेर आलो.

“त्या पोस्टमास्तरांच्या वार्तेत जुने शब्द होते,” मी म्हणालो.

तो डब्याला दोरी बांधत राहिला.

“त्याचा घसा कधी गेला?”

“आई गेली तेव्हा,” तो म्हणाला. “तिची वार्ता त्यानंच सांगितली ना रिक्षातून. दुसऱ्या कुणाला सांगू देईना. त्यानंतर ‘दुःखद’ म्हटलं की फाटतो. ‘अंत्यविधी’लाही फाटतो. त्याला कळत नाही. मी म्हणायचो, छान झालं दादा, एकाच दमात झालं. आणि आत जाऊन जुन्यातले शब्द लावायचो. नाव तेवढं नवं लागतं, दाजी. बाकी सगळ्यांचं सारखंच असतं.”

“आणि तो नवरात्रात सगळ्यांसमोर तसं बोलला, तेव्हा सांगायचं नाही का?”

मुकुंदनं दोरीला गाठ मारली. “काय सांगू? सांगितलं असतं तर वाटणी झाली नसती, खरंय. पण तो पुन्हा माईकपुढे बसला नसता.”

“आता तर डिस्क त्याच्याकडेच राहिली. जुने शब्द त्याच्याजवळ आहेत.”

“आहेत. पण ते लागतात हे त्याला कुठं माहीताय?”

“मग आता?”

“आता लोकांना ऐकू येईल.” तो रिक्षात बसला. “बघू. भोंग्याचं काहीतरी सांगता येईल.”

मी घरात आलो. मंदा पाट उचलत होती. काय म्हणाला म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, दोरी घट्ट बसली का ते बघत होतो.

त्या हिवाळ्यात सांगवीत बरीच माणसं गेली. विश्वंभर आता घरीच एका मोबाईलवर आवाज भरायचा आणि रिक्षा फिरवायचा. मी एकदा बाजाराच्या दिवशी ती ऐकली. नाव खणखणीत आलं आणि ‘दुःखद’ला आवाज टरकन फाटला. चौकातल्या माणसांनी माना वर केल्या. पानपट्टीवाला म्हणाला, “भोंगा खरखरतोय विशूचा.” पुढं सलूनवाला तेच म्हणाला, शब्द न् शब्द तसाच. हे सांगवीत प्रथम कोण म्हणालं ते मला माहीत आहे.

तुमच्या भोंग्यात बिघाड आहे, असं गावातल्या इतक्या माणसांनी सांगितल्यावर विश्वंभरला पटलं. त्यानं नवा भोंगा घेतला. मोठा, पितळी तोंडाचा. लोकांनीही मग जास्त काही म्हटलं नाही. नवा भोंगा आहे म्हटल्यावर काय म्हणणार?

पुढच्या भाऊबीजेला कुठलीच डिस्क बिघडली नव्हती. विश्वंभर सकाळी आला, मुकुंद दुपारी. मंदानं निरांजन दोनदा लावलं. शपथ त्या वर्षापुरतीच होती, असं तिनं ठरवलं. तेव्हापासून तसंच चालू आहे.

त्या सकाळी येताना विश्वंभरनं जुना भोंगा आणला होता. टाकून कशाला द्यायचा, तुमच्या कॉलेजच्या संमेलनाला होईल, म्हणाला. मी तो जोडून पाहिला. चांगला वाजतो.